चांगल्या गुडघ्याची पट्टी

मामा : हलू नकोस म्हटलं ना. तू हललास की पट्टीला चुणी पडते.

कप्तान : पडू दे. ज्या गुडघ्याला काही झालेलंच नाही, त्याच्या पट्टीला चुणी पडली काय आणि नाही पडली काय.

मामा : हळू बोल! पलीकडे पोरं बूट चढवतायत.

कप्तान : त्यांना कळून काय होणार आता? ज्यांना कळू नये त्यांना सगळं ठाऊक आहे, मामा. युक्ती कुणाची होती? सरांचीच ना? ‘पट्टी उजव्याला बांधा, म्हणजे समोरचे उजव्यावरच लाथा घालतील, डाव्याकडे कुणी बघणारही नाही.’ तीन वर्षं कुणी बघितलं नाही. आणि उद्याच्या सामन्याला सर कुठे उभे असणार?

मामा : समोरच्यांच्या बाकापाशी.

कप्तान : समोरच्यांचे मॅनेजर म्हणून.

मामा : ते मला काय सांगतोस? या टेबलावर तीस वर्षं पाय चोळतोय मी. सहा मॅनेजर आले नि गेले. गेलेला माणूस कधी ना कधी दुसऱ्याचा कोट घालून समोर येतोच.

कप्तान : त्यातल्या कुणाला माझा डावा गुडघा माहीत नव्हता.

मामा : तेही खरं म्हणा.

कप्तान : काल डोळ्याला डोळा लागला नाही. आणि तुम्हाला वाटतं, त्यांना लाथ घालायला लागेल? छे. चेंडू नुसता माझ्या डाव्या खांद्यावरून मागे टाकायचा. मी गर्रकन वळणार, सगळा भार डाव्यावर येणार आणि गुडघा अडकणार. डॉक्टर काय म्हणाले होते, आठवतंय?

मामा : नको काढूस ती आठवण.

कप्तान : ‘यापुढे अडकला तर सरळ होईलच, असं मी सांगू शकत नाही.’ खेळण्याबद्दल नव्हते बोलत ते. चालण्याबद्दल बोलत होते.

मामा : मग जाऊन सांग ना नव्या साहेबांना, पोट बिघडलंय म्हणून.

कप्तान : साहेब सगळ्याचेच तक्ते मांडतात, पोटाचाही काढतील. आणि साहेब आल्यापासून या सहा आठवड्यांत जे जे बाहेर बसले, त्यांतला कोण परत आत आला? गोलकीपर बसला, गेला. ते दोघे भाऊ बसले, गेले. मी चौतीस वर्षांचा आहे, मामा. मला कोण घेणार आता?

मामा : नाही घेतलं तर नाही घेतलं. दोन पायांवर घरी जाशील.

कप्तान : घरी जाऊन करू काय? मला दुसरं काही येतच नाही. माझ्या नावाने कुणी हाक मारल्याला किती वर्षं झाली. बायकोसुद्धा लाडात आली की कप्तानच म्हणते.

मामा : आणि रागावली की?

कप्तान : रागावली की बोलतच नाही.

मामा : तिला माहितीये?

कप्तान : नाही. घरी जिना पाठमोरा उतरतो मी, तसा कमी दुखतो. पोरीला वाटतं, खेळ चाललाय. आता तीपण कठड्याला धरून पाठमोरी उतरते, पायऱ्या मोजत. तिची आई खाली उभी राहून आम्हा दोघांना हसते.

मामा : अरे देवा.

कप्तान : भीती वाटतेय मला. आणि गंमत म्हणजे, सर सांगतील याची भीती वाटते, की ते सांगणार नाहीत अशा भरवशावर मी उद्या मैदानात उतरेन याची, हेच मला कळत नाही.

मामा : तो सांगणार नाही. पोटच्या पोरासारखं वागवलं त्याने तुला.

कप्तान : पोटच्या पोराला ऐन हंगामात टाकून जातं का कुणी? निरोपही नाही घेतला. नंबर पुसून टाकला मी त्यांचा.

मामा : तो गेला नाही. घालवला त्याला.

कप्तान : पेपरात तर होतं, दोन्ही बाजूंच्या संमतीने म्हणून.

मामा : पेपरवाले होते तिथे? मी होतो. मालकांच्या खोलीबाहेर टॉवेलांचा गठ्ठा घेऊन उभा होतो, आणि मालक असे ओरडत होते की आत जायची हिंमत होईना. ‘तुमचा संघ गोलासमोर गठ्ठा करून उभा राहतो! लोक तुम्हाला भित्रा म्हणतात! बचावफळी पुढे न्या, नाहीतर चालते व्हा!’

कप्तान : मग? सर काय म्हणाले?

मामा : म्हणाला, ‘फळी पुढे जाणार नाही.’ बस. कारण विचारलं, तर तोंडातून शब्द काढला नाही.

कप्तान : असं कसं? काहीतरी कारण असेल ना!

मामा : आता ते मीच सांगू? फळी पुढे नेली की मागे मोकळं रान. चेंडू तुझ्या मागे पडणार, तुला वळून धावावं लागणार. अरे, अकरा जणांचा संघ तीन वर्षं मागे दाबून ठेवला त्याने. तुझ्या एका गुडघ्यापायी.

कप्तान : मला वाटायचं, त्यांना तसाच खेळ आवडतो.

मामा : त्याला? याच्या आधीच्या क्लबात त्याचा गोलकीपरसुद्धा मैदानाच्या मधल्या रेषेपर्यंत यायचा. विचार कुणालाही.

कप्तान : आणि हे तुम्ही मला आज सांगताय?

मामा : शपथ घातली होती त्याने मला. आणि तुला सांगून उपयोग काय होता? आधी गुडघ्याला घाबरून खेळत होतास, मग वर लाजेचं ओझं घेऊन खेळला असतास.

(दारावर टकटक.)

साहेब : येऊ का आत?

मामा : या, साहेब. खोली तुमचीच आहे.

साहेब : कप्तान, उठू नका. आहात तसेच बसा. मामा, तुम्हीही थांबा. मला दहा मिनिटं हवीत. दार लावून घेतो.

कप्तान : काही चुकलं का?

साहेब : माहीत नाही. म्हणूनच आलो. आज सकाळी आठ वाजता मला एक फोन आला. तुमच्या जुन्या सरांचा.

कप्तान : सरांचा? तुम्हाला?

साहेब : मला वाटलं, चुकून लागला. जेमतेम मिनिटभर बोलले. शब्द जसेच्या तसे सांगतो. ‘उद्या तुमचा कप्तान बाहेर बसवा. का, ते त्यालाच विचारा. आज दुपारी चार वाजता मी माझ्या खेळाडूंसमोर उभा राहणार आहे आणि मला जे माहीत आहे, ते मला त्यांना सांगावंच लागेल. आता ते माझं काम आहे.’ एवढं बोलून फोन ठेवला.

मामा : असं म्हणाला?

साहेब : माझ्या जागी राहून बघा, मामा. सामन्याच्या आदल्या दिवशी समोरचा मॅनेजर सांगतो, तुमचा सगळ्यात भरवशाचा माणूस काढा. मी काय दूधखुळा आहे? आधी हसूच आलं मला.

कप्तान : आणि मग?

साहेब : मग हसू विरलं. घाबरलेल्या माणसाचा आवाज मला ओळखता येतो. सहा आठवडे मी माझा स्वतःचा तसाच आवाज ऐकतोय.

मामा : तुम्ही कशाला घाबरताय, साहेब? तुम्हाला तर आम्ही घाबरतो.

साहेब : मालकांनी आज दुपारी एका मॅनेजरला जेवायला बोलावलंय. मला नाही बोलावलं. उद्या हरलो, तर परवा या खोलीत तुम्हाला आणखी एक नवा मॅनेजर दिसेल. तेव्हा उगाच शब्द घालवत नाही. कप्तान, तुमच्या सरांनी मला खोटं सांगितलं की खरं? तुम्ही ‘खोटं’ म्हणालात, तर उद्याच्या यादीत पहिलं नाव तुमचं. मी पुन्हा विचारणार नाही.

मामा : बोल, पोरा.

कप्तान : मामा, तुम्ही मध्ये पडू नका.

साहेब : सव्वादोन वाजलेत. थोडा विचार करा.

कप्तान : चार वाजता म्हणाले ना ते?

साहेब : चार.

कप्तान : म्हणजे अजून सांगितलेलं नाही.

मामा : तुझ्यासाठी खोळंबलाय तो, वेड्या! अजून कळत नाही तुला?

कप्तान : साहेब, ते खरं बोलले.

साहेब : उजवा?

कप्तान : उजव्याला काही झालेलं नाही. ती पट्टी नुसती दाखवायची आहे. डावा बघा. पण हळू हात लावा.

साहेब : इथे?

कप्तान : जरा आतल्या अंगाला. आई गं!

साहेब : अहो, नुसतं बोट टेकवलं मी.

मामा : थांबा, थांबा, माझ्याकडे द्या तो पाय. बघा कसा घाम फुटलाय त्याला.

साहेब : किती दिवस आहे हे?

मामा : दिवस कसले? तीन वर्षं.

साहेब : तीन वर्षं. म्हणजे बचावफळी तीन वर्षं मागे उभी होती ती...

मामा : त्याचसाठी.

साहेब : पहिल्याच दिवशी मी ती फळी फळ्यावर काढून दाखवली होती. म्हटलं होतं, ‘बघा, भीती अशी दिसते.’ सगळे हसले. तुम्हीही हसलात, कप्तान.

कप्तान : हसलो. मलाही आत्ताच कळलं, तुम्ही यायच्या जरा आधी.

साहेब : आणि मी फळी वीस पावलं पुढे नेली. दर सामन्यात तुम्हाला वळायला लावलं. तुमचा पाय कायमचा गेला असता माझ्या हातून. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत!

कप्तान : तुम्ही विचारलं नाहीत. आणि विचारलं असतंत, तरी मी खोटंच सांगितलं असतं.

साहेब : उद्या तुम्ही खेळणार नाही.

कप्तान : कळलं मला.

साहेब : नाही कळलं. नाव खोडत नाहीये मी. सोमवारी आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ. सोमवारी मी असलो तर.

मामा : साहेब, जिभेला काही हाड? असाल, असाल.

साहेब : उद्या माझ्या शेजारी बसा, कप्तान. तुमच्या सरांना तुमच्याइतकं कुणी ओळखत नाही. मागे पडले की ते काय करतात, बाकावरून कुणाला आधी उठवतात, हाताच्या खुणा कसल्या. मला ते सगळं हवंय.

कप्तान : सगळं?

साहेब : तुम्हाला जेवढं माहीत आहे तेवढं.

मामा : हे काही बरं नाही हं, साहेब. त्याने या पोरासाठी स्वतःची जागा घालवली, आणि याने त्याच्याच...

साहेब : मी काय मागतोय ते मला ठाऊक आहे, मामा. मागायची लाजही वाटतेय. पण उद्या मी त्या पोरांना कप्तानाशिवाय उतरवणार आहे. कप्तान, तुम्ही नाही म्हणालात तरी शेजारची जागा तुमचीच.

कप्तान : सर टोपी काढून मांडीवर ठेवतात, तेव्हा... नाही. थांबा.

मामा : नको सांगूस रे.

कप्तान : सांगणार आहे, मामा. मी बाहेर बसणार आणि पोरं उतरणार. त्यांना काय आंधळं सोडू? सांगेन, साहेब. सगळं सांगेन. पण आधी तुमचा फोन द्या जरा. माझ्याकडे नंबर नाही त्यांचा.

साहेब : हा घ्या. सकाळचा पहिलाच नंबर. मी बाहेर थांबू का?

कप्तान : नको, तुमच्यासमोरच बोलतो.

मामा : दे, मी लावून देतो.

कप्तान : लागला, मामा. वाजतोय. सर? नाही, साहेब नाहीत, मी बोलतोय. हो, सांगितलं. हो, बाहेर बसतोय. नाही हो, रडत कुठे आहे. सर, ऐका ना, मला जे माहीत आहे, ते आता मलाही इथे सांगावं लागणार आहे. तर उद्या तेवढी टोपी घालून येऊ नका.