टेस्ट ड्राइव्हला झोपलेले अप्पा

मागं पाय मावत नाहीत, तरी हीच गाडी का घेतली, असं विचारता ना? मग ऐका.

आमच्या अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तीस वर्षं सोयगावची एसटी चालवली. दुसरं कुणी चालवत असलं की हा माणूस डोळा मिटत नाही. बसल्या जागी उजव्या पायानं ब्रेक दाबत राहतो. जुन्या गाडीत भाऊ चालवायचा, तेव्हासुद्धा वळण आलं की त्यांचा पाय दाबला जायचाच.

एवढी महागाची गाडी घ्यायची, तर अप्पांनी बघायलाच हवी. म्हणून शोरूमला सोबत नेलं. स्टिअरिंगवर मी, शेजारी सेल्समन, मागं अप्पा.

"मागं लई अडचण हाय," बसल्या बसल्याच म्हणाले. त्यांचे गुडघे माझ्या सीटला टेकले होते.

बीड बायपासला लागलो. सेल्समन सनरूफ, कॅमेरा, एअरबॅग सगळं सांगत होता, मागून मात्र चकार शब्द नाही. मला वाटलं, संपलं, नापसंत. आरशात बघितलं तर मान कलंडलेली, तोंड उघडं, आणि अप्पा चक्क घोरत होते.

शोरूमला परतल्यावर सेल्समन खुशीत म्हणाला, "बघा काका, किती आरामाची सीट आहे. झोपच लागली तुम्हाला."

अप्पा गुडघे चोळत खाली उतरले. "सीट कुठली आरामाची? पाय आखडले माझे."

"मग झोप कशी लागली?"

अप्पांनी माझ्याकडं बोट केलं. "लेक चालवत होती ना माझी."