कॅसेटची दुसरी बाजू

तुम्ही आता रोज व्हिडिओ कॉल करता, म्हणून सांगतो. नव्वदच्या सुमारास आखातातल्या फुजैरात आम्ही आमच्या आवाजात कॅसेट भरायचो आणि सुट्टीवर निघालेल्या माणसाच्या हाती गावी पाठवायचो. आमच्या खोलीत गुहागरचे दत्ताराम फिटर होते. त्यांची सुट्टी दोनदा पुढे ढकलली गेली होती. एका शुक्रवारी ते टेपसमोर बसले आणि अडले.

"खुशाली दहा मिनिटांत खलास. उरलेली पन्नास मिनिटं हिच्याशी काय बोलू?"

मी तेव्हा प्राचीन ग्रीक कादंबऱ्यांवरचं एक पुस्तक वाचत होतो. म्हटलं, "ही गोष्ट सांगा. नवंकोरं जोडपं असतं, जहाज फुटतं, चाचे दोघांना वेगवेगळ्या मुलखात विकतात, आणि शेवटी ते भेटतात."

"पहिल्यांदा कोणी रचली असली गोष्ट?"

"विद्वानांचं एकमत नाही. कोणी म्हणतं प्रवासवर्णनांतून आली, कोणी म्हणतं प्रेमकवितांतून."

"त्या विद्वानांच्या बायका त्यांच्याजवळच असणार," असं म्हणून त्यांनी रेकॉर्डचं बटण दाबलं.

मी पुस्तक मिटलं आणि ऐकत बसलो. काय माणूस रंगला होता! वादळ आलं, चाचे आले, नवरा वाळवंटात पाइप जोडायला लागला. दुसरी बाजू संपली तरी भेट बाकीच होती.

दोन महिन्यांनी उत्तराची कॅसेट आली. खोलीत टेप एकच, त्यामुळे ती सगळ्यांनीच ऐकली. वहिनी म्हणत होत्या, "मुलं बरी आहेत. त्या दोघांची भेट कॅसेटवर सांगू नका. ती इथे, समोर बसून सांगा."