लाल मुंग्यांची चटणी

स्वराज्य येऊन सहा-सात वर्षं झाली असतील. सालेकशाच्या फलाटावर कुंता गाडीची वाट पाहत बसली होती, तोच शेजारच्या बाकावर नवरा-बायकोचं जुंपलं.

"काऊन थुकले जी तुमी? मैनाच्या दारात, तिच्या लेकराइपुढं?"

"लाल मुंग्यायची चटणी होती ते, रुक्मा! मानसानं खावाची चीज हाये का?"

"अन् नागपूरच्या हॉटेलात आमलेट चाटूनपुसून खाल्लं, ते?"

"ते साहेबलोकायचं खाणं."

"अन् हे गोंडाचं, म्हणून थुकाचं! देवापुढं नारळ बदलून सई जोडली मी तिले. तिनं जीव लावून वाढलं, अन् तुमी मले हात धरून पानावरून उठवलं!"

"हळू बोल. लोकं आयकून राहिले."

कुंतानं रुळांकडे तोंड फिरवलं.

"आयकू द्या! मागच्या पावसाळ्यात तापानं फणफणले, तवा पेजेसंग आंबट चाटत होते, अजून दे म्हणत होते. कायचं होतं ते?"

"चिचेचं."

"मुंग्यायचं! मैनानंच धाडलं होतं."

गाडी शिट्टी देत फलाटात शिरली.

"चल, बस आता."

"तुमी बसा. माहं पान तिथं अर्धं पडलं हाये. ते संपवाले मी चालली."