रडारवाला नवरदेव

तुम्ही म्हणाल, मुलगी पाहायला शेजारणीचं काय काम? अहो, वंदनाताईंचा संघपाल माझ्या डोळ्यांसमोर वाढला. आता तो दूर कुठल्याशा डोंगरावर, सैन्याच्या रडार ठाण्यावर असतो. तिथं राहायची सोय नाही म्हणून मागच्या वर्षी दोन स्थळांनी नकार दिला. यंदा ठाण्यावर बऱ्याच सुधारणा झाल्या, म्हणून हिंमत करून आम्ही अमरावतीहून अकोल्याला गेलो.

मुलीच्या वडिलांनी विचारलं, "हे ठाणं हाय तरी कुठं?"

"सांगता येत नाही, काका," संघपाल म्हणाला.

"मंग पोरगी कोणत्या पत्त्यावर देऊ?"

वंदनाताईंचा चेहरा उतरला. शेवटी मीच तोंड उघडलं. "भाऊ, वर्षभरात तिथं नवे क्वार्टर झाले, पक्की सडक झाली, व्हॉलीबॉलचं मैदानबी झालं!"

"मैदानात माही पोरगी काय करन?"

ते हात जोडून आम्हाला निरोप द्यायच्या बेतात होते. तेवढ्यात चहाचा ट्रे ठेवता ठेवता अश्विनीनं, म्हणजे मुलीनंच, विचारलं, "तिथं नळ किती दिवसांनी येते?"

संघपालला प्रश्नच कळेना. "किती दिवसांनी म्हणजे? यंदा नवी टाकी बांधली. चोवीस तास पाणी असते."

घरातल्या सगळ्यांची नजर दाराशी आठ दिवसांचं पाणी भरून ठेवलेल्या ड्रमांकडे गेली.

"बाबा," अश्विनी म्हणाली, "मले पसंत हाय."

वडील संघपालजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "जावईबापू, उन्हाळ्यात आमी दोघं येऊन रायलो तर चालन का?"