दिव्याला टोपी

...आणि वर आई म्हणते, "बघ, आता कशी शांत झोप लागेल!" झोप? अहो, माझ्या खिडकीसमोरच्या खांबावरच्या दिव्याला टोपी घातलीय टोपी! काळी, पत्र्याची! उजेड सगळा खाली रस्त्यावर, आणि माझ्या खोलीत... ठणठणाट! कपाट कुठे संपतं नि अंधार कुठे सुरू होतो, पत्ता नाही. पण आधीच सांगून ठेवतो, मी अंधाराला घाबरत नाही हां!

उलट अख्खी बिल्डिंग मला घाबरते! जिन्यात दबा धरून 'भॉक' कोण करतं? मी! आत्याच्या उशीखाली रबरी पाल? मीच! घरात नावच पडलंय 'भुत्या'. आता तुम्हीच सांगा, भुत्यानं आईला कसं सांगायचं, की तू पडदा लावून गेलीस की मी तो हळूच चार बोटं सरकवतो, फटीतून दिवा दिसला की मगच डोळा लागतो... इज्जतीचा प्रश्न आहे ना!

तर आमची ताई. ती शहरातला उजेड मोजायची नोकरी करते. हसू नका! मी हसलो होतो, पाठीत धपाटा बसला. साबणाच्या डबीएवढं यंत्र असतं, आकाशाकडे तोंड करून गच्चीवर ठेवायचं, ते दर पाच मिनिटांनी आकडा साठवतं. कशाला? तर म्हणे शहरात उजेड इतका झालाय की पाखरांची झोप उडाली, माणसांची उडाली, चांदण्या तर दिसेनाशाच झाल्या. म्हटलं, चांदण्यांनी कधी माझी चौकशी केलीय?

पण मागच्या आठवड्यात जेवताना ती आईला म्हणाली, "आपल्या गल्लीत उजेड जास्त निघाला ना, तर आधी इथलेच दिवे झाकणार." माझा दिवा?

ताई यंत्र मांडून खाली आली, मी गुपचूप वर. हातात टॉर्च... सवय हो, सवय! मी घाबरत नाही! बघतो तर आकडा सतरा. म्हटलं, कमी करू या. यंत्रावर हात ठेवला, तर बावीस! अरे देवा, वाढला की! झाकलं म्हणून चिडलं असणार, माझ्यासारखंच, दाबलं की उसळतं. घाबरून हात काढला, तेवढ्यात टॉर्चचा झोत पडला त्याच्यावर, आणि आकडा धाडकन आठ! का? अहो, डोळे दिपले बिचाऱ्याचे! डोळे दिपल्यावर माणसाला तरी काय दिसतं? मग काय, हात दुखेपर्यंत झोत मारला. माझा दिवा वाचला!

तिसऱ्या दिवशी ताईच्या साहेबांचा फोन, तिनं स्पीकरवर टाकलेला. "मॅडम, तुमची गल्ली शहरात पहिली!" मी मनात नाचतोय! "...सगळ्यात जास्त उजेडाची!"

काय? ताई म्हणाली, "अरे, यात उलटं असतं. आकडा लहान तेवढा उजेड जास्त." असं कुठे असतं का? परीक्षेत मला सात मार्क पडले, तेव्हा कुणी म्हणालं का, वा, किती हुशार?

दुसऱ्याच सकाळी शिडी घेऊन वायरमनकाका हजर. म्हटलं, "काका, हा खांब सोडा ना, म्हातारा झालाय." ते म्हणाले, "म्हाताऱ्यालाच टोपी शोभते. सरक बाजूला!"

झालं. आणि त्याच संध्याकाळी साहेबांचा पुन्हा फोन, आवाज असा की स्पीकरची गरजच नाही. "आकडे मी आत्ता नीट बघतोय. आठ? मॅडम, सूर्य मुक्कामाला होता का तुमच्या गच्चीवर? आकडे घरी बसून लिहिता? उद्या खुलासा द्या, नाहीतर येऊ नका!"

ताई ते डबडं मांडीवर घेऊन बसली आणि नुसतं पुसत राहिली. पुसत राहिली. तुम्हाला सांगतो, कपाटामागचा अंधार परवडला...

"ताई... टॉर्च मी मारली."

वाटलं, आता धपाटा. ती एवढंच म्हणाली, "का?"

गंमत केली, असं म्हणता आलं असतं हो! अख्ख्या घराला पटलं असतं. पण ती म्हणाली, "साहेबांना लेखी लागेल. खरं कारण लिही." आणि वही पुढे सरकवली. माझीच, गणिताची. तिच्याकडे बघून खोटं येईचना... लिहिलं. 'मी अंधाराला घाबरतो, म्हणून मी टॉर्च मारली. ताईची चूक नाही.' खाली सही. ताईनं 'अंधाराला' मधला अनुस्वार तेवढा देऊन घेतला.

नोकरी वाचली. गच्चीवर पुन्हा मोजलं, खरा आकडा सतराच, तोही वाईटच म्हणे. टोपी कायम! वर साहेबांचा हुकूम, यंत्राजवळ राखणीला हाच मुलगा बसवा, टॉर्चशिवाय! काल गच्चीवर बसलो होतो, गुडघे पोटाशी. ताई खुशीत, "भुत्या, साडेसतरा! अंधार वाढला रे!" म्हटलं, अभिनंदन...

तरी तुम्हाला सांगतो, मी अंधाराला घाबर... जाऊ द्या. ऑफिसात फाईल आहे त्याची. गोल शिक्का मारलाय!