टिकूनानांसमोर नको

माझ्या मावशीचे टिकूनाना आठवतात ना तुम्हाला? ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी टीव्हीवर यायचे, हातावर चढवायची बाहुली, शर्टाच्या बटणांच्या डोळ्यांची. तर नव्याण्णव साली एक तरुण डायरेक्टर त्यांच्यावर पिक्चर काढायचा म्हणून मावशीच्या डोंबिवलीच्या घरी आलेला. मीपण होतो.

तो म्हणाला, "मावशी, आजच्या पोरांना ही बाहुली चालणार नाही. तोंड हलत नाही, डोळे मिटत नाहीत. आपण नवीन बनवू, रिमोटवाली."

 मावशीने ट्रंकेतून नानांना काढलं, हातावर चढवलं आणि त्यांची मान जराशी तिरकी केली.

"काय रे, तू कुठे बसून बघायचास मला?" नानांनी विचारलं.

आवाज मावशीचाच. तिचे ओठ हलताना समोर दिसत होते. पण तो तिच्याकडे बघेचना.

"इथे जवळच, दिवा गावात, शेजाऱ्यांच्या दारात," तो नानांना म्हणाला. "आमच्याकडे टीव्ही नव्हता."

"मग दिसायचं का?"

"पुढे मोठी मुलं असायची. तुमची टोपी दिसायची नुसती."

नानांनी हळूहळू मान वाकवली आणि टोपी त्याच्यासमोर धरली. तो बघतच राहिला. पुढ्यातल्या चहावर साय धरली.

मग उठून मला हळूच म्हणाला, "जरा गॅलरीत येता?"

बाहेर आल्यावर त्याने दार ओढून घेतलं. "ते रिमोटचं मी उगाच बोललो. राग आला असेल."

"अहो, मावशी मनावर घेत नाही," मी म्हटलं.

"मावशींचं नाही म्हणत मी," तो म्हणाला. "नानांचं."