लंबूच्या फोनमधले नंबर

मास्टर: बोल रे लंबू! बऱ्याच महिन्यांनी फोन केलास!

वहिनी: मास्टर भाऊजी, मी बोलतेय. त्यांची बायको.

मास्टर: वहिनी तुम्ही? आणि साहेब कुठल्या शिलाई मशीनखाली घुसलेत?

वहिनी: ते गेले, भाऊजी. दोन महिने होतील. छातीत कळ आली. दवाखान्याच्या पायऱ्याही चढले नाहीत.

मास्टर: काय सांगता! अहो, मला कळवायचं तरी...

वहिनी: कोणालाच कळवलं नाही. काही सुचतच नव्हतं. आता त्यांच्या फोनमधला एकेक नंबर लावतेय. कामासाठी.

मास्टर: कोणाच्या?

वहिनी: माझ्याच. लग्नाआधी चार वर्षं मशीनवर होते. कॉलर बसवते, काजं करते. तुमच्या कारखान्यात बायका घेतात ना? तुम्ही शब्द टाकलात तर...

मास्टर: वहिनी, मीच तिथे नाही आता. वर्ष झालं. कापड कापायचं नवं यंत्र आलं आणि कटिंग मास्टर घरी बसला. एका दवाखान्याच्या गेटवर उभा असतो, शिट्टी घेऊन. जुन्या माणसांत कोणाला बोललो नाही. लंबूलासुद्धा नाही.

वहिनी: त्यांना माहीत होतं. तुमच्या कारखान्यात मशीन दुरुस्तीला गेले होते, तेव्हा कळलं.

मास्टर: तरीच. त्याचे फोन येत होते, तीन-चारदा. मी उचलले नाहीत. म्हटलं, कोणाला तरी चिकटवायला सांगेल, मग मी कुठल्या तोंडाने...

वहिनी: तुम्हालाच चिकटवायचं होतं, भाऊजी. गणवेशवाल्यांकडे कटिंगची जागा होती. आठवडाभर मालकांना थांबवून धरलं होतं त्यांनी.



मास्टर: चिडला असेल.

वहिनी: छे. म्हणाले, मानी गडी आहे, बोलेल सवडीने.

मास्टर: ...वहिनी, त्या गणवेशवाल्यांकडे विचारलंत का?

वहिनी: मालक फोनवर बोलत नाहीत. समोर जावं लागतं. माझा पाय उचलत नाही.

मास्टर: उद्या मला दुपारची पाळी आहे. सकाळी जाऊ. मी येतो बरोबर.

वहिनी: तुमचंही विचारू.

मास्टर: आधी तुमचं. लंबूची माणसं म्हटल्यावर नाही म्हणणार नाहीत. त्यांना कळलंय ना, तो...

वहिनी: नाही. तेवढं तुम्ही सांगाल का, भाऊजी? सकाळपासून मी नऊ जणांना सांगितलंय.